झटका बसावा, जीव जाऊ नये

कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही म्हण तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. गोष्टीतला कोल्हा चार उड्या मारून दमला आणि द्राक्षांना नावे ठेवून निघून गेला. खऱ्या बागेतला कोल्हा इतक्या सहजासहजी जात नाही. मण्यांत पाणी उतरून गोडी भरू लागली की रात्री तो बांधावरून आत शिरतो आणि तोंड पोहोचेल त्या घडाचा फडशा पाडतो. त्याच्यापेक्षाही जास्त नुकसान करतात ती रानडुकरे. ठिबकच्या नळीखालची जमीन ओली आणि भुसभुशीत असते. मुळे आणि किडे शोधत डुकरे तीच उकरतात, नळ्या फाडतात आणि नवी लागवड असेल तर कोवळे वेल मुळासकट उपटून टाकतात.

गेल्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयातला अकरावीचा एक विद्यार्थी तास संपल्यावर मागे थांबला. त्याच्या घरची एक एकर द्राक्षबाग आहे. आदल्या आठवड्यात डुकरांनी दोन ओळी उकरल्या होत्या. तो म्हणाला, "सर, मोटारीच्या पेटीतून एक वायर काढून कुंपणाच्या तारेला जोडली, तर डुकरे येणार नाहीत ना? काका म्हणतात, फक्त रात्रीपुरती जोडू."

मी त्याला म्हणालो, "आज रात्री ती वायर जोडू देऊ नकोस, आणि काकांना माझा निरोप सांग. उद्या ये, आपण बसून हिशेब करू." दुसऱ्या दिवशी आम्ही जो हिशेब केला, तोच येथे देत आहे. त्यात भूमिती आहे, बलांचा समतोल आहे, ओहमचा नियम आहे आणि ½CV² हे सूत्रही आहे. तुमच्या पाठ्यपुस्तकातले अर्धे पदार्थविज्ञान एका कुंपणात कसे मावते, ते पाहा.

लहान बागेचे गणित

कुंपणाचा खर्च बागेच्या क्षेत्रफळावर ठरत नाही, परिमितीवर ठरतो. ही गोष्ट साधी वाटते, पण लहान शेतकऱ्याची खरी अडचण येथेच आहे.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. एक एकराचे शेत अगदी चौरस असेल, तर त्याची बाजू सुमारे ६३.६ मीटर आणि परिमिती सुमारे २५४ मीटर येते. चार एकरांच्या चौरसाची बाजू दुप्पट होते, म्हणून परिमितीही दुप्पट, म्हणजे सुमारे ५०९ मीटर होते. क्षेत्रफळ चौपट झाले, पण कुंपण फक्त दुप्पट लागले. उलट दहा गुंठ्यांच्या तुकड्याला १२७ मीटर कुंपण लागते. आता दर एकरी हिशेब करा. चार एकरांच्या बागेला एकरी १२७ मीटर, एक एकराच्या बागेला २५४ मीटर आणि दहा गुंठ्यांच्या बागेला एकरी ५०९ मीटर! बाग जितकी लहान, तितका कुंपणाचा भार दर एकरी जास्त.

शेताचा आकारही महत्त्वाचा आहे. वाटण्या होत होत शेते लांबट पट्ट्यांची होतात. एक एकराचा पट्टा २० मीटर रुंद असेल, तर तो सुमारे २०२ मीटर लांब असतो आणि त्याची परिमिती ४४४ मीटर भरते. म्हणजे चौरसापेक्षा पावणेदोनपट तार, पावणेदोनपट खांब.

यातून सर्वांत स्वस्त उपाय आपोआप निघतो. चार शेजाऱ्यांच्या एकेक एकराच्या चौरस बागा एकमेकींना लागून असतील आणि प्रत्येकाने वेगळे कुंपण घातले, तर एकूण १,०१८ मीटर कुंपण लागेल. चौघांनी मिळून बाहेरून एकच घातले, तर ५०९ मीटर पुरेल. निम्मा खर्च वाचला, आणि तोही कोणतेही यंत्र न घेता. बांधावरून भांडणाऱ्या शेजाऱ्यांना वर्गमुळाने एकत्र आणावे, असा हा मामला आहे.

साधे कुंपण कोठे कमी पडते?

बाभळीच्या काट्यांचे कुंपण जवळपास फुकट पडते, पण वर्षभरात वाळवी आणि पाऊस त्याचा निकाल लावतात. बांधावर ओळीने लावलेल्या जुन्या साड्या पाहून जनावर पहिले काही दिवस बिचकते; पुढे त्याला सवय होते. लोखंडी जाळी उत्तम, परंतु जाळी खालून जमिनीत पुरलेली नसेल, तर डुक्कर मुसंडीने ती उचलते आणि साळिंदर खालून उकरते. शिवाय तिला लोखंड पुष्कळ लागत असल्यामुळे ती महाग पडते.

काटेरी तारेची गोष्ट अशी की डुकराची कातडी जाड आणि केस राठ. दोन तारांमध्ये फट दिसली की ते मान खाली घालून घुसते. तेव्हा फट पडू न देणे ही पहिली गरज आहे, आणि येथे तारेचा ताण पुढे येतो.

दोन खांबांमध्ये ओढलेली तार कितीही ताणली तरी थोडी झोळ खातेच. हा झोळ काढण्याचे सूत्र सोपे आहे : तारेचे दर मीटरचे वजन गुणिले खांबांतील अंतराचा वर्ग, भागिले ताणाची आठपट. अडीच मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेचे वस्तुमान दर मीटरला सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे वजन सुमारे ०.३८ न्यूटन. खांब दहा मीटरवर आहेत आणि तार हाताने १०० न्यूटन बलाने ओढली आहे असे समजा. झोळ येतो ०.३८ × १०० ÷ ८०० = ०.०४७ मीटर, म्हणजे जवळजवळ ५ सेंटिमीटर. तीच तार ताणण्याच्या साधनाने १,००० न्यूटनपर्यंत ओढली, तर झोळ ५ मिलिमीटरवर येतो. आता खर्च वाचवायला कोणी खांब वीस मीटरवर रोवले आणि तार हातानेच ओढली, तर झोळ दुप्पट नव्हे, चौपट होईल : १९ सेंटिमीटर! तारा वीस सेंटिमीटरच्या अंतराने बांधल्या असतील, तर मधली तार खालच्या तारेला टेकायला आली म्हणायची.

मात्र ताण वाढवला की कोपऱ्यातल्या खांबावरचा भारही वाढतो. प्रत्येकी १,००० न्यूटनच्या चार तारा म्हणजे खांबाला एका बाजूने ४,००० न्यूटनची ओढ, जणू चारशे किलोचा भार आडवा टांगला आहे. म्हणून कोपऱ्याचा खांब जाड, खोल रोवलेला आणि तिरक्या टेकूचा हवा. द्राक्षबागायतदाराला हे शिकवावे लागत नाही. मांडवाच्या शेवटच्या खांबाला तो असाच आधार देत आला आहे. मधल्या खांबांवर मात्र दोन्ही बाजूंची ओढ सारखी असल्याने ती एकमेकींना छेद देते. तेथे बांबूसुद्धा चालतो.

झटक्याची कल्पना

जनावराला बळाने अडवायचे असेल तर कुंपण भक्कम हवे, आणि भक्कम म्हणजे महाग. पण जनावराला तेथे जाण्याची इच्छाच होऊ नये, अशी सोय केली तर? मग दोनतीन साध्या तारांवर भागते. विजेच्या झटक्याच्या कुंपणामागे हीच युक्ती आहे.

या कुंपणाचा मोठा प्रसार न्यूझीलंडमधून झाला. तेथे हॅमिल्टन भागातील बिल गॅलाघर या शेतकऱ्याने १९३० च्या दशकात अशी यंत्रे बनवायला सुरुवात केली. आरंभीच्या यंत्रांची अडचण ही होती की तारेला गवत टेकले की झटका लुळा पडायचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथीलच रुआकुरा संशोधन केंद्रातील डग फिलिप्स यांनी धारित्र वापरून कमी अंतर्गत रोधाचे यंत्र तयार केले आणि ही अडचण बरीच दूर झाली. आपल्याकडे शेतकरी ज्याला 'झटका मशीन' म्हणतात, ते याच वंशातले आहे.

त्याचे काम असे चालते. बॅटरीतून येणारी वीज आतल्या मंडलाच्या साहाय्याने एका धारित्रात हळूहळू साठवली जाते. धारित्र भरले की इलेक्ट्रॉनिक स्विच एका क्षणात ते रोहित्रातून रिकामे करतो. रोहित्र विद्युतदाब काही हजार व्होल्टपर्यंत चढवते आणि एक अगदी अल्पकालीन झटका तारेवर धावतो. नंतर सेकंदभर सारे शांत. पुन्हा झटका. बागेजवळ उभे राहिलात तर यंत्राचा 'टक्... टक्...' असा आवाज ऐकू येतो.

आकडे घालून पाहू. धारित्र १५ मायक्रोफॅरडचे आणि ते ६०० व्होल्टपर्यंत भारलेले आहे असे समजा. साठलेली ऊर्जा = ½ × ०.०००,०१५ × ६०० × ६०० = २.७ ज्यूल. एक किलो वजन जमिनीपासून जेमतेम २७ सेंटिमीटर उचलायला लागते, तेवढीच ही ऊर्जा! पण ती सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासच्या काळात बाहेर पडते, म्हणून जोरदार भासते. सव्वा सेकंदाला एक झटका धरला, तर सरासरी शक्ती सुमारे २ वॅट. मंडलातील नाश धरून बॅटरीतून ४ वॅट लागतात असे मानू. रात्रीच्या बारा तासांना ४८ वॅट-तास झाले. १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांच्या बॅटरीत १४४ वॅट-तास मावतात. म्हणजे एका रात्रीत तिचा तिसरा हिस्साच संपतो. आणि २० वॅटच्या सौर पट्टीला हिवाळ्यात दिवसभरातून पाच तास चांगले ऊन मिळाले, तर ती १०० वॅट-तास देते. हिशेब सहज जमतो. सूर्य मावळल्यावर येणाऱ्या चोराला दिवसाच्या उन्हानेच हाकलायचे!

मग पेटीतली वीज का नको?

आता त्या मुलाच्या काकांच्या प्रश्नाकडे येऊ. यंत्रातून हजारो व्होल्ट निघतात आणि मोटारीच्या पेटीतल्या एका फेजचा जमिनीशी दाब २३० व्होल्ट. मग २३० व्होल्ट कमी धोक्याचे नाहीत का? वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मे हात वर जातात. येथेच मोठी फसगत होते.

जीव जातो की नाही हे केवळ व्होल्टवर ठरत नाही. शरीरातून किती प्रवाह गेला आणि तो किती वेळ वाहत राहिला, यावर ते ठरते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा रोध सुमारे १,००० ओहम धरा. २३० व्होल्टला प्रवाह झाला ०.२३ अँपिअर. त्याच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाएवढ्या प्रवाहानेसुद्धा हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली तार सोडता येत नाही. म्हणजे प्रवाह वाहतच राहतो. दर सेकंदाला २३० × ०.२३, म्हणजे जवळजवळ ५३ ज्यूल ऊर्जा शरीरात शिरते. हृदयाचा एक ठोका पुरा व्हायला पाऊण-एक सेकंद लागतो. तेवढ्या वेळात हा प्रवाह पाऊणशे ते शंभर वेळा दिशा बदलून हृदयाची लय बिघडवतो; ते नुसते थरथरत राहते आणि रक्त पुढे जात नाही.

"पण फ्यूज उडेल ना?" असे त्या मुलाने विचारले. नाही उडणार. पंपाच्या पेटीतला फ्यूज पंधरा-वीस अँपिअरला वितळतो. ०.२३ अँपिअरची त्याला दखलही नसते. माणूस मरतो आणि फ्यूज शाबूत राहतो.

आता झटका मशीनची तुलना करा. समजा, झटक्याच्या वेळी विद्युतदाब ६,००० व्होल्ट आहे. यंत्राचा अंतर्गत रोध ५०० ओहम, जनावराचा ५०० ओहम आणि जमिनीचा ५०० ओहम. हे तिन्ही एकसरीत आहेत, म्हणून प्रवाह = ६,००० ÷ १,५०० = ४ अँपिअर. आकडा मोठा दिसतो, परंतु काळ आहे सेकंदाचा दहा हजारावा भाग. शरीरातून गेलेला विद्युतभार ०.०००४ कूलोम आणि ऊर्जा ४ × ४ × ५०० × ०.०००१ = ०.८ ज्यूल. पेटीतली वीज एका सेकंदात याच्या पासष्टपटीहून अधिक ऊर्जा ओतते, आणि एका सेकंदावर थांबतही नाही. झटका मात्र संपलेला असतो. पुढचा झटका येईपर्यंतच्या सेकंदात प्राणी दूर उडी मारून मोकळा होतो. दोन झटक्यांमधली ही विश्रांती म्हणजेच या यंत्राची सुरक्षितता. म्हणूनच या यंत्रांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाने सेकंदाला एकाहून अधिक झटका नको आणि ५०० ओहमच्या रोधात एका झटक्याची ऊर्जा ५ ज्यूलहून अधिक नको, अशी बंधने घातली आहेत.

कुंपणात थेट वीज सोडल्यामुळे आपल्या राज्यात शेतकरी, शेतमजूर आणि मुले दगावली आहेत. पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूस स्वतःच रात्री लावलेली तार विसरतो. विदर्भात अशा तारांनी वाघही मेले आहेत. हे कृत्य कायद्याने गुन्हा आहे. वन्यप्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. पण कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली, तरी वरचा हिशेबच पुरेसा बोलका आहे.

कोरड्या जमिनीची अडचण

झटका मशीन बसवूनही काही ठिकाणी डुकरे आत येतात आणि दोष यंत्राला दिला जातो. बहुधा दोष जमिनीचा असतो. वीज तारेतून जनावराकडे, जनावराच्या पायांतून जमिनीत आणि जमिनीत पुरलेल्या सळ्यांमधून पुन्हा यंत्राकडे येते. हे मंडल पुरे झाले तरच झटका बसतो. तारेवर निवांत बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही ते याचमुळे.

द्राक्षे पिकतात जानेवारी ते मार्चच्या सुमारास. त्या दिवसांत पाऊस नसतो आणि काळ्या जमिनीला वरून भेगा पडतात. ठिबकमुळे ओल राहते ती वेलांच्या ओळीखाली. कुंपणाजवळची माती ठणठणीत कोरडी. समजा, तेथे जमिनीचा रोध ५०० ऐवजी ५,००० ओहम झाला. आता एकूण रोध ६,००० ओहम आणि प्रवाह अवघा १ अँपिअर. प्रवाह चौथाई झाला, म्हणजे जनावराला मिळणारी ऊर्जा सोळावा हिस्सा झाली. डुकराला गुदगुल्या झाल्या म्हणायचे!

याला दोन उपाय आहेत. पहिला, सळ्या खोल, ओलीपर्यंत पुराव्यात. एकीऐवजी तीन, एकमेकींपासून काही अंतरावर. समांतर जोडलेल्या रोधांचा एकूण रोध कमी होतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. जागा शक्यतो पाण्याच्या टाकीजवळची किंवा ठिबकच्या ओलीची निवडावी. दुसरा उपाय अधिक खात्रीचा : एक तार झटक्याची, तिच्याशेजारची तार सळ्यांना जोडलेली, अशा एकाआड एक तारा ओढाव्यात. आत घुसू पाहणारे जनावर दोन्ही तारांना एकदम शिवते आणि कोरड्या मातीचा संबंधच उरत नाही.

गवताचाही हिशेब ठेवावा लागतो. तारेला टेकलेल्या एका ओल्या पात्याचा रोध ५०,००० ओहम मानला, तर ते एकटे फारसे बिघडवत नाही. पण अशी शंभर पाती समांतर टेकली की रोध ५०० ओहमवर येतो, म्हणजे जणू एक डुक्कर रात्रभर तारेला चिकटून उभे आहे. म्हणून तारेखालची पट्टी साफ ठेवणे हे दर आठवड्याचे काम.

उंचीचे म्हणाल, तर पहिली तार जमिनीपासून सुमारे २० सेंटिमीटरवर हवी. डुक्कर वाट नाकाने शोधते. अंगावरचे राठ केस विजेला अडवतात, पण ओले नाक उत्तम वाहक असते. पहिला झटका नाकाला बसला की ते मागे पळते; अंगाला बसला तर कित्येकदा तसेच पुढे घुसते. वर दोनतीन तारा वीस-वीस सेंटिमीटरवर पुरतात.

आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काटेरी तारेत झटका कधीही सोडू नये, कारण अडकलेला जीव सुटू शकत नाही. एकाच कुंपणाला दोन यंत्रे जोडू नयेत. दोघांचे झटके मिळून मधली विश्रांती नाहीशी होते. विजेच्या खांबांवरच्या तारांखालून किंवा त्यांना लगटून कुंपण नेऊ नये. आणि रस्त्याच्या बाजूला ठळक पिवळी पाटी लावावी. वाचता न येणाऱ्या लहान मुलांना मोठ्यांनी समजावून सांगावे.

हे कुंपण सर्वांवर चालत नाही, हेही खरे. बुलबुल, साळुंक्या, पोपट आणि रात्री येणारी वटवाघळे यांना तारेचे काय भय? त्यांच्यासाठी जाळेच पसरावे लागते. माकडेही झाडावरून उडी मारून आत येतात. कुंपण घालण्यापूर्वी बागेत नेमके येते कोण, हे पायांचे ठसे पाहून ठरवावे. निरीक्षण ही सर्वांत स्वस्त यंत्रणा आहे.

करून पाहा

१. बारा आगकाड्या घ्या. त्यांनी प्रथम ३ × ३ चा चौरस, मग ४ × २ आणि ५ × १ चे आयत मांडा. परिमिती तीच; क्षेत्रफळ कसे घटते ते लिहा.

२. दोन खुर्च्यांमध्ये सुतळी बांधा. एक टोक खुर्चीच्या पाठीवरून खाली सोडून त्याला वजन टांगा. वजन दुप्पट केल्यावर आणि खुर्च्यांमधले अंतर दुप्पट केल्यावर मधला झोळ मोजा. सूत्राशी ताडून पाहा.

३. गावातील पाच शेतांची लांबी-रुंदी विचारून दर एकरी कुंपण किती लागेल ते काढा. कोणते शेजारी एकत्र आले तर किती मीटर वाचतील?

विजेच्या कुंपणावर मात्र कोणताही प्रयोग स्वतः करू नका.

त्या मुलाने वहीत मांडलेला हिशेब काकांना दाखवला. ती वायर जोडली गेली नाही. पुढे काकांनी आणि शेजारच्या दोघांनी मिळून बाहेरून एकच कुंपण घातले, यंत्रही एकच घेतले. फेब्रुवारीत तो एक पिशवीभर द्राक्षे घेऊन आला आणि म्हणाला, "सर, कुंपणाबाहेर रोज नवे ठसे दिसतात. येतात, नाक लावतात आणि परत जातात."

मी एक मणी तोंडात टाकला. चांगला गोड होता. बाहेर राहिलेली डुकरे त्यांना आंबट म्हणत असतील, तर म्हणोत. तीही जिवंत आहेत, काकाही जिवंत आहेत आणि बागही शाबूत आहे. तुमच्या गावात कोणी रात्रीपुरती वायर जोडत असेल, तर वही घ्या आणि हा हिशेब त्याला आजच दाखवा.